मोठ्या झालेल्या मुलांची खोली : घरच्यांनी काय करायचं, आम्ही काय करू

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेलेली असते, किंवा मुलगा पंचविशीत पोचून घरूनच काम करत असतो, पण त्यांची खोली अजून दहावीतच असते. छताला रेडियमचे तारे, कपाटावर कार्टूनची स्टिकरं आणि एक भिंत गडद जांभळी, कारण तेव्हा हट्टच तसा होता. डोंबिवली-कल्याणकडच्या आमच्या रंगकामांत अशा खोल्या बऱ्याच येतात. अलीकडे घरची मंडळी विचारतात, "थोडं आम्ही केलं तर चालेल का?" चालेल. त्यासाठीच हे पत्रक.

आधी ज्याची खोली त्याला विचारा

रंगावरून घरात भांडण झालेलं आम्ही फारसं पाहिलेलं नाही. टाकून दिलेल्या वस्तूंवरून मात्र हमखास होतं. त्यामुळे मुलं परगावी असतील तर परस्पर रद्दीवाल्याला बोलावू नका. ती सुट्टीला आली की पहिला अर्धा दिवस फक्त आवराआवरीला द्या. सीईटीच्या गाईड आणि नोट्स एखाद्या धाकट्याच्या उपयोगी पडतात. ट्रॉफ्यांपैकी दोन-तीन ठेवून बाकीच्यांचे फोटो काढले तरी बहुतेकांचं समाधान होतं. मार्कशीट आणि दाखले मात्र माळ्यावर टाकू नका. तिथे कसर लागते. ते प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवा.

दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा असतील तर काम सुरू होण्याआधी सांगा. पेन्सिलीची खूण पॉलिश पेपरच्या दोन फटक्यांत जाते. तेवढी पट्टी न घासता तशीच ठेवून वरून पारदर्शक वॉर्निश मारता येतं, किंवा खुणा बटर पेपरवर उतरवून घेता येतात. ऐन वेळी कारागिराला हे कळत नाही, त्याला ती चौकट म्हणजे चौकटच.

भिंतीवर लिहिलेलं पुन्हा वर येतं

मुलांच्या खोलीतली खरी डोकेदुखी बॉलपेन आणि मार्कर. नुसता प्लॅस्टिक पेंट मारला की ती शाई त्यातून झिरपून निळ्या-जांभळ्या डागांसारखी पुन्हा दिसते. तिसरा हात (थर) मारला तरी दिसते. तिथे आधी ऑइल प्रायमर, म्हणजे रंगाखालचा तेली थर लागतो. तो आम्ही लावू, पण कपाट किंवा पलंगामागे लिहिलेलं असेल तर जागा दाखवून ठेवा.

स्टिकरं आणि रेडियमचे तारे ओढून काढू नका, पुट्टीचा पोपडा सोबत येतो. हेअर ड्रायरने गरम करून कडेने हळू सोडवा. तारे चिकटवायच्या मऊ गोळीचा तेलकट डागही रंगातून वर येतो, म्हणून साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. हे काम घरच्यांनीच करावं असं आमचं मत आहे. कारागीर घाईत असतो.

गडद भिंतीवर फिका रंग हवा असेल तर दोन हातांत झाकला जाईल अशी आशा धरू नका. प्रायमर आणि बहुधा तीन हात लागतात, आणि कोटेशनमध्ये ती भिंत आम्ही वेगळी धरतो.

रंग किती घ्यायचा

खोली 10 फूट बाय 10 फूट आणि उंची साडेनऊ फूट धरली तर चार भिंती 380 चौरस फूट होतात. दार-खिडकी वजा जाता साधारण 340 उरतात. नीट तयार केलेल्या भिंतीवर दोन हातांना एक लिटर इमल्शन (म्हणजे प्लॅस्टिक पेंट) 65 ते 70 चौरस फूट जातं. म्हणजे पाच लिटर : चार लिटरचा एक डबा आणि एक लिटरचा एक. स्वस्त पडते म्हणून रंगाची मोठी बादली घेऊ नका. मशीनवर शेड मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही.

शेड मोबाइलवर ठरवू नका, निदान परदेशातल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर दाखवून तरी नको. आधी सर्वांत लहान डबा आणून भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवा आणि तो सकाळी व रात्री ट्यूबलाइटखाली पाहा. शेडचा नंबर कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

जुनं दार कोरडं घासू नका

हे गंभीर आहे. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. दारं, चौकटी, खिडकीचे गज यांवर असे जुने थर असतात. ते कोरडे घासले की धूळ उडते आणि ती लहान मुलांना, गरोदर बायकांना फार घातक. आम्ही पाणी मारून ओलं घासतो, खोली बंद ठेवतो आणि नंतर ओल्या फडक्याने पुसतो. नातवंडं घरात असतील तर हे काम हौसेने करू नका.

कोणी काय करायचं

सामान हलवणं, झाकणं, भिंती धुणं, आम्ही प्रायमर मारल्यावर भिंतीवर रोलरने पहिला हात देणं, ड्रॉवरना नव्या मुठी लावणं हे घरच्यांना छान जमतं. छत, पुट्टी आणि घोड्यावर (उंच स्टुलावर) चढून करायचं सगळं आमच्याकडे सोडा. तुम्ही केलेल्या कामाची मजुरी कोटेशनमधून वजा होते. सामान आणि मजुरी आम्ही वेगवेगळी लिहून देतो.

वायरिंग मात्र सगळ्यांत आधी. लहानपणी एक पॉइंट पुरत होता, आता टेबलापाशी 6 अँपिअरचे निदान चार आणि एसीसाठी 16 अँपिअरचा एक लागतो. रंग झाल्यावर भिंतीत खाच पाडायची वेळ आली तर सगळी मेहनत वाया. पलंगाचंही तेव्हाच ठरवा. सव्वासहा फूट बाय तीनची जुनी गादी मोठ्या माणसाला अरुंद होते. चार फूट रुंदी घेतली तरी 10 फुटी खोलीत टेबल बसतं.

कधी करायचं

भिंतीत ओल असेल तर पावसाळ्यात आम्ही पुट्टी लावत नाही, मग ग्राहक नाराज झाला तरी चालेल. गळती वरच्या गच्चीतून असेल तर आधी सोसायटीशी बोला. गणपतीत आमचे कोकणातले कारागीर गावी जातात आणि दिवाळीनंतर छठला बिहारकडचे. शिवाय दसरा ते दिवाळी सगळ्यांनाच रंग हवा असतो. मुलं गणपतीला घरी येत असतील तर तेव्हा आवराआवर आणि शेड उरकून घ्या, रंग आम्ही ऑक्टोबरमध्ये करू. जांभळ्या भिंतीचा आणि ओल असलेल्या कोपऱ्याचा फोटो, सोबत खोलीची मापं, ऑगस्टमध्येच पाठवलीत तर तारीख पक्की करता येईल.