मिरचीचा मुरडा: पान वर वळले की खाली?

कुंडीतल्या मिरचीची शेंड्याकडची पाने आवळू लागली की बेळगाव-निपाणीच्या मराठी घरांत आणि शेजारच्या कानडी घरांतही एकच शब्द ऐकू येतो, तो म्हणजे 'मुरडा'. महाराष्ट्रात यालाच 'चुरडा-मुरडा' किंवा 'बोकड्या' म्हणतात, आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठातले संशोधकही मिरचीच्या या दुखण्याला 'मुरडा' असेच नाव देतात. एक शब्द दोन्ही भाषांना पुरतो ही सोय खरी. मात्र त्या एका शब्दाखाली फुलकिडे आणि कोळी हे दोन अगदी वेगळे जीव झाकले जातात, आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

ओळखीची पहिली खूण पानाच्या वळणातच असते. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून त्याला होडीचा आकार आला असेल, तर संशय फुलकिड्यांवर घ्यावा. कडा खालच्या बाजूला वळून पान पालथ्या होडीसारखे दिसत असेल, तर कोळ्यावर. ही खूण कोवळ्या पानांवरच पाहावी, कारण जून पाने इतर अनेक कारणांनी वेडीवाकडी झालेली असतात.

फुलकिडा हा सहा पायांचा कीटक आहे. तो जेमतेम १ मि.मी. लांब आणि गवताच्या काडीसारखा फिकट पिवळा असतो. तो पानाचा पृष्ठभाग खरवडून बाहेर येणारा रस शोषतो, म्हणून पानावर आधी चंदेरी आणि मग तपकिरी चट्टे उमटतात. त्याला पकडणे सोपे आहे. शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोन टिचक्या मारल्या की कागदावर बारीक रेघा पळताना दिसतात. अलीकडे फुलांत दाटीने राहणारा काळसर फुलकिडाही आला आहे. भारतात त्याची पहिली नोंद २०१५ मध्ये बेंगळुरूच्या पपईवर झाली आणि २०२१ च्या हंगामात त्याने कर्नाटक, आंध्र व तेलंगणातल्या मिरचीचे मोठे नुकसान केले. त्यामुळे टिचकी मारताना फुलेही झटकून पाहावीत.

कोळ्याचे प्रकरण अधिक फसवे आहे. हा कीटकच नव्हे. आठ पायांचा, भिंतीवरच्या कोळ्याच्या गोतातला जीव तो, आणि त्याची लांबी सुमारे ०.२ मि.मी. असल्यामुळे साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. कागदावर काहीच पडले नाही म्हणून झाड निर्दोष ठरवणारे इथेच चुकतात. शेंड्यातल्या सर्वांत कोवळ्या पानाची खालची बाजू दहापट भिंगातून पाहिली, तर तिथे पारदर्शक अंडी आढळतात आणि त्यांच्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. एकदा पाहिलेली ही नक्षी पुन्हा विसरत नाही. भिंग हाताशी नसेल तर झाडाकडेच नीट पाहावे. पाने अरुंद, जाडसर आणि गडद हिरवी होतात, त्यांचे देठ लांबतात आणि शेंडा खुजा राहतो. पांढरी माशी कुंडीवर येत असेल तर कोळीही येऊ शकतो, कारण त्याच्या माद्या त्या माशीच्या पायांना चिकटून प्रवास करतात. फळावरून मात्र निदान करू नये. खरबरीत, तपकिरी साल दोघांच्याही उपद्रवात येते.

हवामानही साक्ष देते. फुलकिड्यांना कोरडी, तापलेली हवा मानवते, म्हणून अथणी-रायबागकडच्या उघड्या गच्चीवर फेब्रुवारीपासून वळवाच्या सरींपर्यंत आधी त्यांचाच विचार करावा. कोळ्याला उबदार दमट हवा लागते, त्यामुळे खानापूरच्या बाजूला किंवा बेळगाव शहरात पावसाची झड ओसरून उघडीप पडू लागली, की छपराखाली दाटीने ठेवलेल्या कुंड्यांत तो बळावतो. संकेश्वरी असो, ब्याडगी असो वा ढबू, जातीमुळे यातून पूर्ण सुटका नाही.

उपायांत चूक होते ती इथून पुढे. माझ्या कुंड्यांवर एकदा मुरडा आला तेव्हा औषधाच्या दुकानात मी तेवढाच शब्द उच्चारला आणि दुकानदारांनी तेवढ्यावरच कीटकनाशकाची बाटली दिली. पंधरा दिवसांत शेंडे आणखी आवळले. पाने खाली वळलेली होती हे मी सांगितले नव्हते आणि त्यांनी विचारले नव्हते. कोळ्यावर अनेक सामान्य कीटकनाशके चालत नाहीत. उलट काही औषधांनी त्याला खाणारे मित्रकोळी मरतात आणि त्याची संख्या वाढते.

कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक, लिटरला २ ते ३ ग्रॅम या प्रमाणात, पानांच्या खालच्या बाजूला पोहोचेल असे संध्याकाळी फवारावे. पारा ३५ अंशांच्या आसपास असताना ते टाळावे, आणि निंबोळी तेल फवारल्यावर किमान दोन आठवडे गंधकाला हात लावू नये, कारण दोन्ही मिळून पाने करपतात. फुलकिड्यांसाठी लिटरला ५ मि.लि. निंबोळी तेल, ते पाण्यात मिसळावे म्हणून थोडे साबणाचे पाणी, आणि कुंड्यांमध्ये निळे चिकट सापळे एवढ्यावर घरचे काम बहुधा भागते. फुलकिड्यांची कोषावस्था बहुतांशी मातीत आणि पडलेल्या पाल्यात जाते, तेव्हा कुंडीतला पालापाचोळा काढून वरची माती हलवावी. कुंडीचा मोठा फायदा असा, की ती कडेवर घेऊन आडवी करता येते आणि पानांची खालची बाजू नळाच्या धारेने धुता येते. शेतकऱ्याला ही चैन कुठली?

दोन्हींत न बसणारे झाडही कधी सापडते. पाने वर वळलेली, बारीक व पिवळट, शिरा जाड आणि झाड बुटके असेल, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो. त्यावर औषध नाही, झाड उपटून पिशवीत बांधून टाकावे. दुपारी वळलेली पाने सूर्य कलल्यावर सरळ होत असतील, तर ती केवळ तहान आहे.

एकदा आवळलेले पान उपचारानंतरही सरळ होत नाही, म्हणून जुन्या पानांकडे पाहून औषध बदलत बसू नये. फार बिघडलेला शेंडा खुडून टाकावा आणि आठ-दहा दिवसांनी बगलेतून येणारी नवी पालवी सपाट आहे का, एवढेच पाहावे.