सॅम्पल कोणी घेतलं? आयात माल बंदरावर तपासणीसाठी थांबतो तेव्हाची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रे

"सॅम्पल गेलंय, रिपोर्ट आला की कळवतो." कस्टम ब्रोकरच्या, म्हणजे आपल्या वतीने कस्टमचं काम करणाऱ्या एजंटच्या ऑफिसातून एवढाच निरोप येतो. पहिल्यांदाच माल मागवणाऱ्याला मग रात्री झोप लागत नाही. कंटेनर सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर यार्डात उभा, डेमरेजचा (माल पडून राहिल्याच्या भाड्याचा) मीटर चालू आणि नेमकं काय तपासलं जातंय हेच ठाऊक नाही. अशा वेळी ब्रोकरला पहिला प्रश्न विचारा: सॅम्पल कोणी घेतलं आणि कुठल्या कायद्याखाली? पुढची फी, मुदत, अपील, सगळं या उत्तरावर ठरतं. भारतात बंदरावर घेतला जाणारा प्रत्येक नमुना एकाच कारणासाठी घेतलेला नसतो, आणि बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिला प्रकार कस्टमच्या स्वतःच्या नमुन्याचा. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १४४ नुसार अधिकारी मालाचा नमुना घेऊ शकतात. माल नक्की काय आहे, कोणत्या शुल्कशीर्षाखाली येतो, त्याची किंमत बरोबर दाखवली आहे का, एवढंच त्यातून पाहायचं असतं. तो खाण्यास योग्य आहे की नाही, हा प्रश्न इथे नसतो. तपासणीत नमुना संपला किंवा नष्ट झाला तर तेवढ्या मालावर शुल्क लागत नाही, हे त्याच कलमात लिहिलेलं आहे. अहवालाला वेळ लागणार असेल तर कलम १८ खाली तात्पुरती आकारणी मागता येते. बंधपत्र आणि लागेल ती सुरक्षा रक्कम दिली की माल सुटतो, हिशेब नंतर पक्का होतो. अहवाल मान्य नसेल तर फेरतपासणीची विनंती तो कळवल्यापासून १० दिवसांत करायची असते.

दुसरा प्रकार खाद्यपदार्थांचा. तो एफएसएसएआय, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतो. याला आधार २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याचा आणि २०१७ च्या आयात नियमांचा. तिसऱ्या प्रकारात खेळणी, कापड यांसारख्या ग्राहकोपयोगी वस्तू येतात. त्यांचं शेवटी सांगतो. सगळ्यात जास्त पायऱ्या आणि कागद खाद्यपदार्थांना लागतात, म्हणून आधी तिकडे वळू.

कोण आयात करू शकतं?

डीजीएफटीचा, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयईसी (आयात-निर्यात कोड) क्रमांक हवा. त्याचं शुल्क ५०० रुपये. तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो. काहीही बदललेलं नसलं तरी तसं नोंदवावं लागतं, नाहीतर क्रमांक निष्क्रिय होतो. माल समुद्रात असताना हे लक्षात येणं फार वाईट, म्हणून जूनच्या आधीच करून टाका.

त्याबरोबर एफएसएसएआयचा केंद्रीय परवाना लागतो. आयातदाराला राज्याचा परवाना किंवा छोट्या व्यावसायिकांची साधी नोंदणी चालत नाही. तुमचं आधीपासून हॉटेल किंवा किराणा दुकान असेल आणि त्याचा परवाना असेल, तरी आयातीसाठी वेगळा केंद्रीय परवाना काढावाच लागतो. अर्ज एफएसएसएआयच्या फॉसकॉस या परवाना पोर्टलवर करायचा, शुल्क वर्षाला ७,५०० रुपये. जे मागवणार आहात ते उत्पादन परवान्यावरच्या वर्गात आहे का, हे तिथेच तपासा. परवाना चॉकलेटचा आणि माल सॉसचा, असं झालं तर कागद असूनही उपयोग नाही.

उत्पादनाचीही पात्रता असते, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ज्या पदार्थासाठी भारतात मानकच ठरलेलं नाही, त्याला आधी प्राधिकरणाची मंजुरी लागू शकते. चीनमधून दूध, दुग्धजन्य पदार्थ आणि दूध घातलेली चॉकलेटं आणायला दुधात मेलामाइन हे रसायन मिसळल्याच्या २००८ च्या प्रकरणापासून बंदी आहे. मांस, दूध, अंड्याची भुकटी, लहान बाळांचं अन्न आणि न्यूट्रास्युटिकल्स (पोषणपूरक पदार्थ) बनवणाऱ्या परदेशी कारखान्यांना १ फेब्रुवारी २०२३ पासून एफएसएसएआयकडे स्वतःची नोंदणी करावी लागते. हे काम तुमच्या हातातलं नाही, पुरवठादाराचं आहे. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी त्याच्याकडून नोंदणीचा पुरावा घ्या, पैसे पाठवल्यावर नको.

मग टिकण्याच्या मुदतीचा नियम. माल मंजुरीला येईल तेव्हा त्याच्या एकूण आयुष्यापैकी किमान ६० टक्के किंवा ३ महिने, यांतलं जे कमी असेल तेवढं शिल्लक पाहिजे. ६० टक्क्यांचा आकडा ऐकून लोक घाबरतात, पण 'जे कमी असेल ते' हे शब्द नीट वाचा. एकूण आयुष्य ५ महिन्यांपेक्षा जास्त असेल तर ३ महिने उरलेले पुरतात. वर्षभर टिकणाऱ्या बिस्किटांना सात महिने उरलेच पाहिजेत, असं नियम म्हणत नाही. ६० टक्क्यांची अट खऱ्या अर्थाने लागू होते ती थोडे दिवस टिकणाऱ्या मालाला. चार महिन्यांच्या चीजला साधारण ७२ दिवस उरलेले लागतात. त्यात समुद्रप्रवासाचे दिवस धरले तर ते विमानानेच आणावं लागू शकतं, हे आधीच कळतं.

कागदपत्रे

समुद्रमार्गे येणारा माल पोचण्याच्या साधारणपणे आदल्या दिवसापर्यंत कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र भरायचं असतं. अपेक्षित आगमनाच्या ३० दिवस आधीपासून ती भरता येते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये दंड. सिंगल विंडो व्यवस्थेमुळे खाद्यपदार्थाची बिल ऑफ एंट्री तिथूनच अन्न प्राधिकरणाकडे जाते. प्रत्येक मालाचा नमुना घेतला जातो असं नाही. कोणता तपासायचा हे जोखमीच्या निकषांवर ठरतं, आणि ज्यांचा आधीचा माल सतत नीट निघाला आहे त्यांना त्याचा फायदा होतो.

लागणारे कागद असे: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग किंवा एअरवे बिल, मूळ देशाचं प्रमाणपत्र, एफएसएसएआय परवाना, उत्पादकाचा प्रयोगशाळा अहवाल, घटकांची यादी, लेबलचा नमुना, वापराबाबतचं घोषणापत्र आणि ब्रोकरच्या नावे अधिकारपत्र. वनस्पतिजन्य मालाला शिवाय प्लांट क्वारंटाइनसाठी (वनस्पतींच्या रोग-किडींच्या तपासणीसाठी) त्या देशाचं फायटोसॅनिटरी, म्हणजे माल रोग-कीडमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं. दूध आणि मांस असेल तर पशुसंवर्धन विभागाचा आयात परवाना. ठरावीक २४ पिकांसाठी १ मार्च २०२१ पासून माल जनुकीय बदल न केलेला असल्याचं प्रमाणपत्रही द्यावं लागतं. या सगळ्यांत मालाचं नाव, बॅच क्रमांक आणि वजन एकसारखं लिहिलेलं असू द्या. इन्व्हॉइसवर 'मिक्स्ड सीझनिंग' आणि लेबलवर 'स्पाइस पावडर' असलं, की माल एकच असला तरी अधिकाऱ्याला खुलासा मागावाच लागतो.

तपासणीचा दिवस

न्हावाशेवा, मुंबई, चेन्नई, कोलकाता, दिल्ली अशा प्रमुख ठिकाणी प्राधिकरणाचे स्वतःचे अधिकारी आहेत. इतर अनेक ठिकाणी कस्टमचेच अधिकारी हे काम अधिकृतपणे करतात. तपासणीची वेळ ठरते, कंटेनर उघडतो, आणि नमुना घेण्याआधी डोळ्यांनी तपासणी होते. पाकिटं फुटलीत का, कीड आहे का, मुदत किती उरली, लेबलवर काय आहे. इथेच माल नापास झाला तर तो प्रयोगशाळेपर्यंत जातच नाही. म्हणून लेबलकडे मी लोकांना पुन्हा पुन्हा लक्ष द्यायला सांगतो. तेल शुद्ध असेल, चॉकलेट उत्तम असेल, पण पाकिटावर बॅच क्रमांक नसेल तर त्या शुद्धतेचा पुरावा द्यायची संधीच मिळत नाही.

लेबलवरच्या काही उणिवा मात्र भारतात आल्यावर भरून काढता येतात. आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह, आणि प्रोप्रायटरी (कंपनीच्या स्वतःच्या कृतीच्या, ठरलेलं मानक नसलेल्या) पदार्थाचा वर्ग, सर्वसाधारण नाव व स्वरूप. एवढं सहज न निघणाऱ्या स्टिकरने कस्टमच्या बाँडेड गोदामात (जिथे शुल्क भरण्याआधी माल ठेवतात) लावता येतं. बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदत आणि घटकांची यादी मात्र मूळ पाकिटावरच हवी, त्यांच्यावर स्टिकर चालत नाही. पुरवठादाराकडून लेबलचा फोटो मागवा आणि छापण्याआधी तपासा. या तासाभराच्या कामात कंटेनर वाचतो.

कंटेनर भरतानाही एक सांगणं द्या. प्रत्येक उत्पादनाचे थोडे खोके दाराजवळ ठेवायला सांगा. अधिकाऱ्याला मालापर्यंत सहज पोचता येईल अशा रीतीने तो भरलेला असावा, ही नियमाचीच अपेक्षा आहे. नाहीतर पूर्ण कंटेनर रिकामा करायची मजुरी तुमच्या माथी.

डोळ्यांनी केलेल्या तपासणीत माल पास झाला की नमुन्याचे दोन भाग घेतले जातात. एक एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या अधिसूचित प्रयोगशाळेत जातो, दुसरा राखून ठेवतात. तो दुसरा भाग तुमची शिदोरी आहे, त्यामुळे तो योग्य तापमानात ठेवला जातोय का, हे नम्रपणे पण जरूर विचारा. तपासणीची फी आयातदार भरतो, आणि उत्पादनं जास्त असली की खर्च त्या प्रमाणात वाढतो. नमुना मिळाल्यापासून पाच दिवसांत अहवाल देणं प्रयोगशाळेला बंधनकारक आहे. काही दिवसांतच खराब होणाऱ्या मालासाठी अहवालाची वाट न पाहता तात्पुरती एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) मागता येते.

तोपर्यंत डेमरेज वाचवायचं असेल तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४९ खाली माल ३० दिवसांपर्यंत गोदामात हलवण्याची परवानगी मागा. ही तरतूद अनेकांना माहीतच नसते, आणि ब्रोकर आपणहून सांगेल याची खात्री नसते.

अहवाल विरुद्ध आला तर

अहवाल ठीक असेल तर एनओसी निघते आणि कस्टमचा 'आऊट ऑफ चार्ज', म्हणजे माल सोडण्याचा अंतिम आदेश मिळाला की माल तुमचा. अहवालात दोष निघाला तर तो मान्य नसल्याचं १५ दिवसांच्या आत कळवून अपील करायचं. तेव्हा राखून ठेवलेला दुसरा भाग रेफरल (फेरतपासणीच्या) प्रयोगशाळेत पाठवला जातो. याची फीही तुम्हीच भरायची. कोणत्या चाचणीत आणि किती फरकाने नापास झालं ते आधी वाचा. मर्यादेच्या अगदी काठावरचा आकडा असेल तर अपील करण्यात अर्थ आहे. बुरशीचं विष मर्यादेच्या कितीतरी वर असेल तर तो माल लोकांच्या ताटात जाऊ नये, हे आपल्यालाही मान्य असायला हवं. शेवटी नाकारलेला माल परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा, दोन्ही आयातदाराच्या खर्चाने.

खेळणी, कापड आणि इतर वस्तू

खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि परदेशी कारखान्यालाही बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) परवाना लागतो. डीजीएफटीच्या २ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने प्रत्येक कन्साइनमेंटमधून नमुना घेऊन तो एनएबीएल प्रयोगशाळेत पाठवायचं ठरवलं. तोवर कस्टम माल सोडू शकतं, पण अहवाल येईपर्यंत तो बाजारात विकता येत नाही. सौंदर्यप्रसाधनांना आधी सीडीएससीओची (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची) आयात नोंदणी हवी. कापडात बंदी असलेले अ‍ॅझो रंग नाहीत, असं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मालाबरोबर असेल तर काम सोपं होतं. ते नसेल तर कस्टम नमुना घेतं.

किरकोळ विक्रीच्या सर्व पाकिटांवर, खाद्य असो वा नसो, वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, निव्वळ वजन, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क हवा.

स्वतःच्या वापरासाठी कस्टमच्या मर्यादेत आणलेले पदार्थ, संशोधनाचे नमुने आणि प्रदर्शनातली चव देण्यापुरता माल यांना अन्न प्राधिकरणाच्या नेहमीच्या प्रक्रियेतून घोषणापत्र देऊन सूट मिळू शकते. असा माल नंतर विकता मात्र येत नाही.