पांतानीचं रक्त आणि चाहत्यांचा न्याय

५ जून १९९९. इटलीची जिरो ही अनेक टप्प्यांची सायकल शर्यत संपायला दोनच टप्पे उरले होते आणि इटलीचाच सायकलपटू मार्को पांतानी सगळ्यांच्या कितीतरी पुढे होता. त्या सकाळी त्याचं रक्त तपासलं. हेमॅटोक्रिट ५२ टक्के निघालं, मर्यादा ५० ची. त्याला शर्यतीबाहेर काढण्यात आलं.

हेमॅटोक्रिट म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा. पुरुषांमध्ये तो साधारण ४० ते ५० टक्के असतो. या पेशी स्नायूंना प्राणवायू पुरवतात, आणि लांब घाट चढताना सगळा खेळ त्या पुरवठ्याचाच असतो. प्राणवायू कमी पडतोय हे जाणवलं की मूत्रपिंड ईपीओ नावाचं संप्रेरक सोडतं आणि अस्थिमज्जा नव्या पेशी बनवू लागते. रक्तक्षय झालेल्या मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी कृत्रिम ईपीओ बाजारात आलं आणि ते लवकरच सायकलपटूंच्या हाती पडलं. पेशी फार वाढल्या की रक्त दाट होतं, गुठळीचा धोका वाढतो.

२००० पर्यंत लघवीतून ईपीओ पकडणारी चाचणीच वापरात नव्हती. म्हणून १९९७ पासून ५० टक्क्यांची रेघ आखली गेली. ती ओलांडल्याने गुन्हा सिद्ध होत नसे, आरोग्याच्या कारणाखाली पंधरा दिवस बसवत. कारण औषध न घेताही कुणाचा आकडा जास्त असू शकतो. फिनलंडचा स्कीपटू ईरो मँतिरांता याच्या जनुकातच असा बदल होता, की त्याच्या शरीरात तांबड्या पेशी मुळातच भरपूर होत्या.

‘सगळेच घेत होते, म्हणजे जिंकला तो सर्वोत्तमच’ असं अनेक चाहते म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. समजा, एकाचं मूळ हेमॅटोक्रिट ४१ आहे, दुसऱ्याचं ४८. ५० च्या आत राहायचं तर पहिल्याला नऊ अंकांची उडी मिळते, दुसऱ्याला जेमतेम दोनाची. शिवाय त्याच औषधाला प्रत्येक शरीर वेगळा प्रतिसाद देतं. म्हणजे औषधाने स्पर्धा समान झाली नाही, तिचा निकषच बदलला. त्या काळच्या विजेत्यांमध्ये मुळात कोण श्रेष्ठ होता, हे आता कुठलीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही.

चाहते मात्र रक्ताकडे बघून न्याय करत नाहीत. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या शर्यतीची सातही विजेतेपदं औषधांमुळे २०१२ मध्ये गेली. वर्षानुवर्षं खोटं बोलून त्याने खरं सांगणाऱ्यांनाच छळलं होतं, ते लोक विसरले नाहीत. पांतानीच्या १९९८ च्या टूरमधल्या नमुन्यांत ईपीओ असल्याचं फ्रेंच सिनेटच्या अहवालातून २०१३ मध्ये उघड झालं, तरी त्या टूरचं विजेतेपद अजून त्याच्याच नावावर आहे. २००४ मध्ये, अवघ्या ३४ व्या वर्षी तो गेला. जिरोत आजही एक चढ त्याच्या नावाने राखलेला असतो. त्या मायेमागचं दुःख मला कळतं.

पण या हिशेबात क्रिस्तोफ बासोंचं नाव क्वचितच येतं. हा फ्रेंच सायकलपटू फेस्तिना संघात होता. १९९८ मध्ये त्या संघाचं औषध प्रकरण फुटलं, तेव्हा बासों काही घेत नाही, अशी ग्वाही त्याच्या सहकाऱ्यांनीच दिली. पुढच्या वर्षी टूरमध्ये तो औषधांविषयी उघड बोलू लागला, तर बाकीच्यांनी त्याला वाळीत टाकलं. आर्मस्ट्राँगने चालू टप्प्यात त्याला गाठून निघून जायला सांगितलं. शर्यत अर्धवट टाकून तो घरी गेला आणि दोन वर्षांनी त्याने व्यावसायिक सायकलिंगच सोडलं.