जड काम आणि रोगट कचेरी

मार्चअखेरीस बँकेच्या शाखेत रात्री दहापर्यंत बसणारा कर्मचारी आणि रोज सहाला घरी पोहोचूनही रविवारी संध्याकाळपासूनच ज्याच्या पोटात गोळा येतो तो कर्मचारी, हे दोघेही ‘ऑफिसचा फार ताण आहे’ असेच सांगतात. वास्तविक पहिल्याचे काम जड आहे आणि दुसऱ्याची कामाची जागा रोगट आहे. हा फरक लक्षात न आल्याने काही जण चांगली नोकरी घाईने सोडतात, तर काही जण सोडायला हवी ती वर्षानुवर्षे ओढत राहतात. आपल्याकडे दुसरी चूक अधिक होते असे मला वाटते, कारण सोसण्यालाच आपण चिकाटी म्हणतो.

जड कामाच्या ताणाला दाखवता येईल असे कारण असते आणि बहुधा मुदतही असते. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली असे मांडले की, कामाची मागणी मोठी असूनही ते कसे करायचे हे ठरवण्याची मुभा नसेल तर ताण सर्वाधिक होतो. मागणीबरोबर मुभाही असेल तर तेच काम माणसाला घडवते. अर्थात जड काम निरुपद्रवी नसते. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये दिला.

रोगट जागेत तासांचा हिशेब फारसा उपयोगी पडत नाही. तिथे चारचौघांत पाणउतारा होतो, श्रेय एकाला आणि दोष दुसऱ्याला जातो, आणि साहेबांची मर्जी हाच नियम असतो. ती ओळखण्याची माझ्या दृष्टीने सर्वांत भरवशाची खूण म्हणजे झालेली चूक तिथे निर्धास्तपणे सांगता येते का, ही होय. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील चमूंचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चमूंमध्ये औषधे देण्यातील चुकांची नोंद अधिक आढळली. त्यांच्याकडून चुका जास्त होत होत्या असे नव्हे, तर त्या उघडपणे बोलल्या जात होत्या, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. जिथे चूक झाकावी लागते, तिथे माणसाची निम्मी शक्ती स्वतःला सांभाळण्यातच खर्च होते.

उपायही त्यामुळे वेगळे ठरतात. जड कामावर जादा माणसे, वाढीव मुदत किंवा सलग आठ दिवसांची रजा यांनी उतार पडतो. रोगट जागेत रजेवरून परतल्यावर पहिल्याच सकाळी सारे पूर्ववत होते, आणि पगारवाढीनेही फार काळ भागत नाही.

राजीनाम्यात मात्र दोघेही ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच लिहितात, कारण अनुभवाचा दाखला त्याच साहेबांच्या सहीने मिळायचा असतो. त्यामुळे त्या खुर्चीवर पुढे येणाऱ्याला आधीचा माणूस का गेला हे कागदावरून कधीच कळत नाही.