थंडीत पानं गळाली? आधी नख लावून बघा

तुळशीचं लग्न आटोपलं की आमच्या गोव्यातल्या नर्सरीतला फोन जो वाजायला लागतो, तो शिगम्यापर्यंत थांबत नाही. देवचाफ्याची पानं पिवळी पडली. जाड बुडख्याचं अडेनियम बोडकं झालं. रंगीबेरंगी पानांचं कॅलेडियम तर कुंडीतून गायबच. "झाड मेलें, आतां कितें करूं?" असं विचारेपर्यंत बहुतेकांनी करायचं ते करून टाकलेलं असतं: बादलीभर पाणी आणि वर मूठभर युरिया. झाड मरतं ते त्यानंतर.

गेल्या जानेवारीत आमचं एक जुनं गिऱ्हाईक चाफा मुळासकट उपटून पिशवीतून घेऊन आलं. दीड वर्षापूर्वी आमच्याकडूनच नेलेला. "मेलेलं झाड दिलंत" म्हणून तक्रार. फांदी नखाने जरा खरवडली तर आत हिरवीगार, वर चीकही आला. कुंडीत तसाच राहू दिला असता तर शिगम्याच्या सुमारास फुलला असता. आम्ही तो पुन्हा लावून दिला, पण तुटलेली मुळं काही परत जोडता येत नाहीत. त्या मोसमात त्याने फूल दाखवलं नाही.

तेव्हा फोनच्या आधी नख. कोवळ्या फांदीची साल तिळाएवढी खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर थोडं खाली सरकून पुन्हा बघा. शेंडा वाळलेला आणि बुंधा हिरवा असं पुष्कळदा असतं. चाफा आणि अडेनियम बोटाने दाबूनही कळतात. फांदी किंवा बुडखा घट्ट लागला तर काळजी नको, पिकल्या केळ्यासारखा मऊ लागला तर आत कुजलंय.

आपल्याकडची थंडी ती किती

मोबाइलवर थंड मुलखातले व्हिडिओ बघून काही जण डिसेंबरात झाडांना चादरी आणि प्लास्टिक गुंडाळतात. त्या व्हिडिओंत सांगतात ते खोटं नसतं, पण ते हिम पडणाऱ्या गावांसाठी असतं. रात्र निरभ्र असली आणि वारा पडला की जमीन आणि पानं आपली ऊब उघड्या आभाळाकडे सोडून देतात. पान भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं, आणि शून्याखाली गेलं की त्याच्यावरचं दंव गोठतं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी असे हिमकण दिसले की पेपरात फोटो येतात ते हेच. म्हणून तर हवेचा पारा दोन-तीन अंशांवर असतानाही गवत पांढरं झालेलं दिसतं.

हिमाने पेशी फुटतात असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा बर्फ आधी पेशींच्या बाहेर, मधल्या पोकळीत होतो आणि आतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आक्रसते, तिचा पापुद्रा निकामी होतो, आणि ऊन वर आलं की पान उकडलेल्या भाजीसारखं काळं, लुळं पडतं. थंड प्रदेशातली झाडं याची तयारी आधीपासून करतात. दिवस लहान होऊ लागले की वाढ आवरतात, रसातली साखर वाढवतात, पुष्कळशी पानं टाकून मोकळी होतात. या तयारीला काही आठवडे लागतात. पहिलाच कडाका अचानक आला तर एरवी काटक असलेली झाडंसुद्धा करपतात ती यामुळे.

गोव्यात यातलं काही होत नाही. पणजीत जानेवारीची पहाट साधारण २० अंशांची. वाळपई, सांगे या घाटाच्या पायथ्याच्या भागात त्याहून काही अंश कमी. आणि दुपारी पारा पुन्हा ३२-३३ वर. चादरी घरात ठेवा. प्लास्टिक तर मुळीच नको, आत घाम धरतो आणि बुरशी येते.

मग पानं का गळतात? हे बघायला नर्सरीत यायची गरज नाही. फेब्रुवारीत मोलेंहून अनमोड घाटाने वर जा. सावर अंगावर एक पान नसताना लाल फुलांनी भरलेली दिसेल, पांगारा तसाच. तिथे पाण्याची बादली घेऊन कोण जातं? पाऊस संपलेला, दिवस लहान झालेले, रात्री घाटाकडून कोरडा वारा सुटलेला. पानांतून पाणी उडत राहतं, म्हणून झाड पानंच उतरवून ठेवतं. आपला चाफा मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा, अडेनियम आफ्रिका-अरबस्तानातलं. दोघांनाही कोरड्या ऋतूत झोपायची जुनी सवय. कॅलेडियम कंदातलं. आपल्या परसातल्या हळदीसारखंच. नागपंचमीला पातोळ्यांना पानं देणारी हळद थंडीत वाळते तेव्हा कोणी रडत नाही, उलट खणून काढतात.

एक बारकावा. टोकदार पानाचा चाफा पानं टाकतो. गोल टोकाच्या पानाचा, पांढऱ्या फुलांचा, बहुधा टाकत नाही. तो अचानक बोडका झाला तर मात्र आमच्याकडे या.

सगळा घोटाळा पाण्याचा

पानं नाहीत म्हणजे पाणी उडायची वाट बंद. तुम्ही घातलेलं पाणी कुंडीतच बसून राहतं. मातीतल्या बारीक पोकळ्यांत एरवी हवा असते, मुळं तिच्यावर जगतात. तिथे पाणी भरलं की मुळं गुदमरतात आणि कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. त्यामुळे झाड तहानेल्यासारखं मलूल दिसतं, आणि मलूल दिसलं म्हणून माणूस आणखी एक तांब्या ओततो. आमच्याकडे परत आलेल्या दहा कुंड्यांतल्या सात-आठ तरी अशा बुडालेल्या असतात. वाळून मेलेली क्वचित.

त्यात भर कुंडीखालच्या थाळीची. फरशीवर डाग नको म्हणून थाळी ठेवता ते ठीक, पण तिच्यात पाणी साचू देऊ नका. आपली तांबडी माती नुसती भरली तर सिमेंटसारखी बसते. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलं तर वरून कोरडं आणि आत चिंब असतं, त्यामुळे वरचा थर बघून फसायला होतं. म्हणून बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घाला. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. लहान कुंडी असेल तर उचलून बघा, चार दिवसांत हाताला वजनाचा अंदाज येतो.

कुंडीतल्या बोडक्या चाफ्याला दहा-बारा दिवसांनी एक तांब्या पुरे. अडेनियमला त्याहूनही कमी, बुडखा सुरकुतायला लागला तरच थोडं. कॅलेडियमची पानं आडवी झाली की पाणी बंद, कुंडी सावलीत कोरड्या जागी ठेवा आणि तिच्यावर नाव लिहा, नाहीतर कामवाली माती समजून दुसरीकडे ओतते (आमच्याच घरी झालंय). मेअखेरीच्या पहिल्या सरींबरोबर ते आपोआप वर येतं. झोपलेल्या झाडाला खत घालू नका. ते खाणार नाही, मुळं मात्र भाजतील. "बाजूची नर्सरी खत देते, तुम्ही का देत नाही?" असं डिसेंबरात विचारलं जातं. खत विकून आमचाही फायदाच आहे. फेब्रुवारीअखेर नवीन कोंब दिसले की या, शेणखत आणि निंबोळी पेंड दोन्ही तयार असतात.

आता याची दुसरी बाजू, कारण "थंडीत पाणी कमी" एवढंच लक्षात ठेवून एका ताईंनी पिटुनियाच्या बारा कुंड्या आठवड्यात वाळवल्या. शेवंती, झेंडू, पिटुनिया, गुलाब, वाफ्यातली तांबडी भाजी आणि मुळा, टांगलेले फर्न यांचा हा जागेपणाचा मोसम आहे. दुपारचं ऊन कडक आणि हवा कोरडी, त्यामुळे यांना रोज बघायला हवं. पाणी सकाळी, पानांवरचं दंव वाळल्यावर, आणि बुडाशी. संध्याकाळी पानांवर मारलं तर रात्रीचं दंव त्यात मिसळून पानं पहाटेपर्यंत ओली राहतात, आणि बुरशीचे डाग पडलेच म्हणून समजा. गुलाबावर पिठासारखी भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, ऊन चढायच्या आत. बोगनवेल या दोन्हींच्या मधली. तिला थोडी तहानलेली ठेवली की फुलते, लाड केले की नुसती पानं काढते.

तुळस

हा प्रश्न नाजूक, कारण तुळस वाळली की घरात अपशकुनाची कुजबुज सुरू होते. व्हडल्या दिवाळीला, म्हणजे तुळशीच्या लग्नाला, वृंदावन रंगवतो, ऊस-चिंचा-आवळे लावतो, लग्न लावतो, आणि महिन्याभरात तुळस काडी होते. अपशकुन वगैरे काही नाही. तुळशीला मंजिऱ्या येऊन बी धरलं की तिचं लक्ष बियांकडे जातं, पानं बारीक होतात आणि झडतात. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडत राहिलात तर ती बरीच जास्त टिकते. शिवाय पुष्कळ वृंदावनांना खालून भोकच नसतं. वरून रोज पाण्याची कळशी, दूध, हळद-कुंकू. पणती बुंध्याला चिकटून ठेवू नका, वीतभर लांब ठेवा. वाळलेल्या मंजिऱ्यांचं बी चुरगळून मातीत टाका, फुकट रोपं मिळतील. नको असेल तेवढा खटाटोप तर आमच्याकडे काळी आणि पांढरी दोन्ही बारा महिने असतात.

नाताळसाठी पॉइन्सेटिया नेणाऱ्यांना एकच सांगणं. त्याची वरची पानं लाल व्हायला लांब, अखंड अंधाऱ्या रात्री लागतात, ऑक्टोबरपासून साधारण दोन महिने. बाल्कनीतला दिवा रात्रभर चालू असेल तर ते हिरवंच राहतं. गेल्या वर्षीचं झाड लाल का झालं नाही, याचं उत्तर बहुधा तुमच्या ट्यूबलाइटमध्ये आहे.

रोप गोव्याबाहेर नेणार असाल तर

मुलगा दिल्लीला, मुलगी नाशिकला, आणि आईने इथून अँथुरियम, क्रोटन, तुळस पाठवायची, हे नेहमीचं. तिथे मात्र व्हिडिओतलं सगळं लागू होतं. आपल्या दमट हवेतल्या या झाडांना हिमाची वाट बघावी लागत नाही. साधारण १० अंशांखालच्या काही रात्री लागोपाठ आल्या तरी पानांवर काळपट डाग पडतात. त्यातून आपल्याकडून ऐन डिसेंबरात गेलेलं रोप म्हणजे बिनस्वेटरचा पाहुणा. शक्य असेल तर फेब्रुवारीनंतर न्या. आत्ताच न्यायचं असेल तर रात्री घरात किंवा छपराखाली ठेवायला सांगा. छप्पर आभाळाच्या आड आलं तरी पुष्कळ फरक पडतो. कापड घातलं तर ते पानांना चिकटू नये आणि सकाळी काढावं. उत्तरेकडे तुळशीला थंडीत चुनरी पांघरतात, त्यात श्रद्धेइतकाच हिशेबही आहे. माती अगदी कोरडी नको, कारण ओली माती दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते. निफाडकडचे द्राक्षवाले कडाक्याच्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणीही सोडतात. आणि पानं काळी पडलीच तर लगेच कात्री चालवू नका. करपलेली पानं खालच्या कोंबांना थोडा आडोसा देतात. थंडी ओसरल्यावर, कुठवर हिरवं आहे ते नखाने बघून छाटा.

याच्या उलटाही व्यवहार चालतो. थंडीच्या दिवसांत हमरस्त्याकडेला टेम्पो लावून सफरचंदाची रोपं विकतात, बरोबर लालभडक फळांचा फोटो. सफरचंदाला फुलायच्या आधी गार झोप लागते, बहुतेक जातींना ७ अंशांखालचे शेकडो तास. ती झोप आपल्या अंगणात त्याला मिळायची नाही. कमी थंडीत चालणाऱ्या जाती निघाल्या आहेत, पण गोव्यात त्यांच्या फळांची खात्री आम्ही देणार नाही, म्हणून ठेवतही नाही. त्याच पैशांत मानकुराद आंब्याचं चांगलं कलम येतं. त्याला मोहोर यायला आपली एवढीशी थंडी पुरते.

बदलून देण्याबद्दल

नेल्यापासून १५ दिवसांत रोप गेलं तर बदलून देतो. मात्र डिसेंबर ते फेब्रुवारीत चाफा, अडेनियम आणि कंदवाली झाडं "पानं नाहीत" या कारणावरून बदलून देत नाही. यावरून कोणी कोणी नाराज होतात, पण जिवंत झाड परत घेऊन दुसरं द्यायचं आणि तेही आठवड्याने पानं टाकणार, यात तुमचीही फेरी फुकट जाते. या दिवसांत चाफा बोडकाच विकतो आणि विकतानाच फांदी खरवडून दाखवतो.

शंका असेल तर झाड उपटू नका. कुंडी आणि मातीसकट आणा; आजार पानांत दिसला तरी बहुतेक वेळा मातीत असतो. कुंडी जड असेल तर तीन फोटो पाठवा: पूर्ण झाड, मातीचा वरचा भाग आणि कुंडीचं बूड. नुसत्या एका पिवळ्या पानाच्या फोटोवरून आम्हाला काही सांगता येत नाही. कुंडी बदलायची कामं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून घेतो, मातीच्या कुंड्या तोपर्यंत येतील. सोमवारी बंद.