भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचा फ्लॅट: मुदतवाढीच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

कोल्हापुरात जुने बंगले आणि वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहू लागली, तेव्हा फ्लॅट घेणाऱ्यांनी बांधकाम परवाना पाहिला, बँकेचे कर्ज मंजूर होते का ते पाहिले आणि सह्या केल्या. इमारतीखालची जमीन बिल्डरने खरेदीखताने घेतली आहे की दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने, हे फार थोड्यांनी विचारले. नगर भूमापनाच्या मिळकत पत्रिकेवर ‘धारक’ आणि ‘पट्टेदार’ असे दोन वेगळे रकाने असतात. आपल्या इमारतीचे नाव दुसऱ्या रकान्यात आहे, याचा अर्थ अनेकांना पट्ट्याची मुदत संपत आल्यावरच कळतो.

माझ्या नात्यातल्या एका कुटुंबावर ही वेळ आली, तेव्हा त्यांच्या इमारतीचा मूळ पट्टा मी ओळ न् ओळ वाचला. भुईभाडे नाममात्र होते आणि मुदतीबद्दलचे कलम एका वाक्याचे होते: मुदत संपल्यानंतर उभय पक्षांच्या संमतीने पुन्हा पट्टा करता येईल. रहिवाशांना हे वाक्य अनेक वर्षे आश्वासन वाटत आले होते. वास्तविक ‘संमतीने’ या एका शब्दाने त्यातला हक्क काढून घेतला होता. कारण जमीनमालकाने संमती द्यावी की नाही आणि दिल्यास किती रकमेला, हे ठरवण्याचे कोणतेही माप त्या दस्तात नव्हते.

या स्थितीचे मूळ १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात आहे. संस्थानी काळात कोल्हापुरातील जमिनींचे व्यवहार दरबारच्या सनदा, इनामे आणि हुकुमांनी चालत. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि येथील जमिनी नव्या कायद्यांच्या चौकटीत आल्या. त्या चौकटीत पट्टा म्हणजे ठरावीक काळापुरता उपभोगाचा हक्क. मुदत संपली की तो हक्कही संपतो. मालकाने त्यानंतरही भाडे स्वीकारले, तर कलम ११६ प्रमाणे पट्टा चालू राहिल्याचे मानले जाते खरे, पण निवासी जागेच्या बाबतीत, वेगळा करार नसेल तर, तो महिन्यामहिन्याचा ठरतो आणि १५ दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. साठ वर्षांच्या भरवशावर घर घेतलेल्या माणसाचे पाय अशा वेळी एका महिन्याच्या जमिनीवर येतात. कलम १०८ पट्टेदाराला आपले बांधकाम काढून नेण्याची मुभा देते. अट अशी की जमीन घेतली होती तशी परत करावी. गोठ्याच्या किंवा शेडच्या बाबतीत ही मुभा उपयोगी पडेल, चार मजल्यांच्या इमारतीतल्या वीस कुटुंबांना तिचा काडीचा आधार नाही.

फ्लॅटधारकांसाठी महाराष्ट्राने १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांचा आणि १९७० मध्ये अपार्टमेंट मालकीचा कायदा केला. पहिल्याने बिल्डरवर अभिहस्तांतरणाचे, म्हणजे जमीन आणि इमारतीतला आपला हक्क सोसायटीच्या नावे करून देण्याचे, बंधन घातले आणि २००८ मध्ये त्याला मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने टाळाटाळ केली तरी तो हक्क मिळवण्याच्या सोयीची, जोड मिळाली. परंतु बिल्डर स्वतःकडे आहे तेवढाच हक्क पुढे देऊ शकतो. जमीन पट्ट्याची असेल, तर सोसायटीला उरलेल्या मुदतीचा पट्टाच मिळतो. मुदतवाढीबद्दल हे दोन्ही कायदे पट्टेदाराच्या हाती काही देत नाहीत, आणि माझ्या मते आजच्या अडचणीचे खरे कारण हेच आहे.

ज्या इंग्लंडच्या कायद्यावरून आपला पट्ट्याचा कायदा बेतला गेला, तेथे गोष्ट पुढे सरकली. तेथील बहुसंख्य फ्लॅट पट्ट्यानेच विकले जातात. म्हणून १९६७ मध्ये घरांच्या आणि १९९३ मध्ये फ्लॅटच्या पट्टेदारांना कायद्याने हक्क मिळाला. १९९३ च्या कायद्याने फ्लॅटधारकाला ठरावीक पद्धतीने मोजलेला मोबदला देऊन ९० वर्षांची वाढ मागता येऊ लागली आणि मालकाला ती केवळ मर्जी नाही म्हणून नाकारता येईना. २०२४ च्या कायद्यात ही वाढ ९९० वर्षांपर्यंत नेण्याची तरतूद आहे. आपण १८८२ चा साचा घेतला आणि तेथेच थांबलो.

आपल्याकडे मग सारा भार पट्ट्यातल्या शब्दांवर पडतो. २००३ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुदतवाढ आणि नूतनीकरण यांतला फरक स्पष्ट केला: दस्तातील अटीप्रमाणे मुदत वाढत असेल तर नवा दस्त करावा लागत नाही, नूतनीकरण असेल तर तो करावाच लागतो. नवा दस्त म्हटला की नोंदणी आली आणि मुद्रांक शुल्कही आले. २९ वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्यावर महाराष्ट्रात बाजारमूल्याच्या ९० टक्क्यांवर, म्हणजे जवळपास खरेदीखताइतकेच, शुल्क आकारले जाते.

सरकारी पट्ट्यांच्या बाबतीत वाट थोडी मोकळी झाली आहे. ८ मार्च २०१९ च्या नियमांनी भोगवटादार वर्ग-२ च्या (म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधने असलेल्या) आणि पट्ट्याने दिलेल्या सरकारी जमिनी, रेडीरेकनरच्या (म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या) दरावर आधारित अधिमूल्य सरकारला भरून, वर्ग-१ मध्ये (म्हणजे अशा बंधनांविना धारण करण्याच्या वर्गात) रूपांतरित करता येऊ लागल्या. ज्यांची इमारत अशा जमिनीवर आहे त्यांनी नुसत्या मुदतवाढीपेक्षा हा मार्ग आधी तपासावा.

देवस्थाने, मठ आणि ट्रस्ट यांच्या जमिनींना मात्र हे नियम लागू नाहीत, आणि कोल्हापुरासारख्या शहरात या जमिनींचा प्रश्न किरकोळ मानता येणार नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक काळ पट्ट्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. विश्वस्त तोंडी ‘हो’ म्हणाले, एवढ्यावर काही ठरत नाही. त्या जमिनीवरच्या रहिवाशांना आधी विश्वस्तांचा ठराव, मग मंजुरीचा अर्ज आणि शेवटी दुय्यम निबंधकांकडे नोंदणी, असे जावे लागते आणि पट्ट्याची मुदत त्या काळातही चालूच असते.