दुधी काचेवरचं वर्तुळ

लेन्स प्रतिमा टाकते ती गोल. त्यातून चौकट कापून घेते फिल्म. लहान कॅमेऱ्यात हे जाणवत नाही, कारण तिथे लेन्स आणि फिल्म यांची जागा कारखान्यातच पक्की झालेली असते. लार्ज फॉरमॅट, म्हणजे मोठ्या सुट्या फिल्मच्या कॅमेऱ्यात पुढे लेन्स, मागे प्रतिमा पाहण्यासाठी दुधी काच (फोटो घेताना तिच्या जागी फिल्म येते) आणि मध्ये घडीचा भाता असतो. लेन्स वर-खाली सरकते, कलतेही. म्हणून या कॅमेऱ्यासाठी पहिली, ‘स्टँडर्ड’ लेन्स निवडताना त्या गोलाचा आकार विचारात घ्यावाच लागतो.

आधी ‘स्टँडर्ड’ म्हणजे काय ते पाहू. लेन्सचं नाभीय अंतर, म्हणजेच फोकल लेंग्थ, चित्राच्या कर्णाएवढी असली की तिला स्टँडर्ड म्हणतात. ४×५ इंची फिल्मवर, फिल्म धरणाऱ्या होल्डरच्या कडा वगळता, साधारण ९६×१२० मिलिमीटरचं चित्र उमटतं. त्याचा कर्ण सुमारे १५४, म्हणून लेन्स १५० मिलिमीटरची. ८×१० इंचासाठी ती ३०० होते.

पण कर्णच का? ८×१० फिल्मचा कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे फिल्म कागदावर टेकवून काढलेला तिच्याच आकाराचा प्रिंट, आपण सहज ३० सेंटिमीटरवर धरून पाहतो. दूरच्या देखाव्यावर फोकस केलेली ३०० मिलिमीटरची लेन्सही फिल्मपासून साधारण तेवढ्याच अंतरावर असते. देखाव्याचे किरण ज्या कोनांतून लेन्समध्ये शिरले, जवळपास त्याच कोनांतून ते प्रिंटवरून डोळ्यात येतात आणि चित्रातली खोली खरी वाटते. मला या कॅमेऱ्याबद्दल सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

आता वर्तुळ. इमारतीचं शिखर चौकटीत आणायला कॅमेरा वर कलवला, तर भिंती आत झुकतात. त्याऐवजी कॅमेरा सरळ ठेवून नुसती लेन्स वर सरकवली की भिंती उभ्याच राहतात. मात्र लेन्सबरोबर तिचं वर्तुळही वर जातं आणि फिल्मचे खालचे कोपरे त्याच्या काठाकडे येतात. वर्तुळ संपलं की कोपरा काळा.

दोन्ही १५० मिलिमीटरच्याच, पण रचना वेगळी असलेल्या दोन लेन्स घेऊ. पॉल रुडॉल्फ यांनी १९०२ साली झाइससाठी आखलेली टेसार चार भिंगांची. अशा लेन्सची व्याप्ती, म्हणजे ती वापरण्याजोगी प्रतिमा देते तो कोन, ६० अंश धरली, तर वर्तुळाचा व्यास सुमारे १७३ मिलिमीटर भरतो. सहा भिंगांच्या प्लाझमॅट रचनेत ७२ अंश मिळाले, तर तो २१८ होतो. आडव्या ४×५ चौकटीत पहिली जेमतेम १४ मिलिमीटर वर सरकते, दुसरी ४० पेक्षा जास्त. बॅरलवरचा आकडा एकच, पण उंच इमारतीसमोर पहिली लवकरच हात टेकते.

उत्पादक वर्तुळाचा व्यास बहुधा एफ/२२ हे लहान छिद्र आणि अनंतावरचं फोकस धरून सांगतात. छिद्र मोठं असताना कडांची सुस्पष्टता घटते, म्हणजे वापरता येण्याजोगं वर्तुळ लहान होतं. जवळच्या वस्तूवर फोकस करताना लेन्स पुढे जाते आणि वर्तुळ वाढतं. वस्तू फिल्मवर तिच्या मूळ आकाराएवढीच उमटवायची, तर १५० च्या लेन्सला ३०० मिलिमीटर भाता लागतो आणि वर्तुळ दुप्पट होतं. प्रकाश मात्र चौपट लागतो.

मग २१० मिलिमीटरच का घेऊ नये? तिचं वर्तुळ ऐसपैस असतं आणि व्यक्तिचित्रांना ती उत्तम. पण दृश्य अरुंद होतं, मूळ आकारासाठी भाता ४२० मिलिमीटर ताणावा लागतो आणि एफ/५.६ एवढ्या मोठ्या छिद्राची असली तर बहुधा मोठं शटर, म्हणजे अधिक वजन. एकच लेन्स बाळगायची असेल, तर मी १५० ची, २१० मिलिमीटरच्या आसपास वर्तुळ असलेली प्लाझमॅट घेईन. टेसार हलकी आणि सुंदर आहे. लेन्स फारशी सरकवायची नसेल, तर तीही मनापासून घ्यावी.

विकत घेण्याआधी वर्तुळ डोळ्यांनी तपासता येतं. बऱ्याच कॅमेऱ्यांत दुधी काचेचे कोपरे छाटलेले असतात. छिद्र एफ/२२ वर ठेवा, लेन्स हवी तितकी वर सरकवा आणि खालच्या छाटलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे पाहा. छिद्र सगळं दिसलं, तर प्रकाश त्या कोपऱ्यापर्यंत पुरतोय. तिरकस पाहिल्यामुळे ते थोडं चपटं दिसेल, ते चालेल. पण दोन्हीकडून कापल्यासारखं, मांजराच्या बाहुलीसारखं टोकदार दिसलं, तर ते पुन्हा पूर्ण दिसेपर्यंत लेन्स खाली आणा.